सहा दहाची फेरीबोट

१

गाडी नदीत तोंड खुपसून उभी होती. तहानलेलं जनावर पाण्यावर वाकावं तशी. मागची चाकं जुन्या धक्क्याच्या उतरणीवर आणि पुढची काच अर्धी पाण्यात. धुकं उठेपर्यंत सकाळचे साडेसात वाजले. तोवर काठावर बघे जमले होते आणि गाडीतले औषधांचे खोके एकेक करून बाहेर पडत, शाळा सुटल्यासारखे, संथ पाण्यावरून खाली निघाले होते.

गाडीत माणूस नव्हता. माणूस वर धक्क्यावर होता, नखशिखांत भिजलेला, बेशुद्ध. बोट बांधायच्या लोखंडी खुंटाला त्याची पाठ टेकवलेली होती. काखेखालून जाड दोर घेतला होता आणि दोराचं टोक खुंटाला पक्कं बांधलं होतं, तो घसरून पुन्हा पाण्यात जाऊ नये म्हणून. त्याला बाहेर कोणी काढलं, कोणी बांधलं, याचा पत्ता नव्हता. बघ्यांपैकी प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता.

हा भिजलेला माणूस म्हणजे तिकीटबाईंचा भाचा, त्यांच्या भावाचा मुलगा.

तिकीटबाई हे काही त्यांचं नाव नव्हे, पण नाव विचारायची वेळ आता कोणावर येत नसे. याच धक्क्यावरच्या खिडकीत बसून त्यांनी सत्तावीस वर्षं फेरीबोटीची तिकिटं फाडली होती. खाली दहा मैलांवर पूल झाला, बोट बंद पडली, त्याला आता अकरा वर्षं झाली. बाई घरी बसल्या. येताना फक्त एक वस्तू मागून आणली, धक्क्यावरची पितळी घंटा. तिकिटं देऊन झाली की बाई तीन टोले द्यायच्या आणि मगच बोट सुटायची. तो नियमच होता. आता ती घंटा घरात फळीवर होती, आणि पुसताना चुकून वाजू नये म्हणून बाईंनी तिच्या जिभेला फडकं गुंडाळून ठेवलं होतं. अकरा वर्षांत ती वाजलेली नव्हती.

दवाखान्यात दुपारी भाचा शुद्धीवर आला. बाई उशाशी होत्या आणि फौजदार पलंगाशेजारी वही उघडून बसले होते. त्यांनी विचारलं, बंद धक्क्यावर गाडी नेलीस कशाला?

भाचा म्हणाला, "मोबाईलनं सांगितलं. सरळ जा, पुढे फेरीबोट आहे."

फौजदारांनी स्वतःचा मोबाईल काढला, नकाशा उघडला आणि बाईंपुढे धरला. "बघा बाई. रस्ता धक्क्यावर संपतो. पलीकडे जायचं तर पूल दाखवतोय. फेरीबोट कुठे आहे यात?"

नव्हती. नदी निळी होती, कोरी होती, काठापासून काठापर्यंत.

२

फौजदार माणूस वाईट नव्हता. त्यानं बाईंना बाहेर बाकावर बसवून सरळ सांगितलं. गाडीच्या मालकाचं म्हणणं, पोरगा चालवता चालवता झोपला. भाच्याचा मोबाईल नदीच्या तळाला. परवा संध्याकाळपर्यंत अहवाल पाठवायचा आहे आणि आत्ता आहे तसा पाठवला तर परवाना कायमचा जाईल. खोटं बोलला असंही लिहावं लागेल.

या पोराला दुसरं काही येत नव्हतं. शाळेत त्याचं मन कधी रमलं नाही, पण गाडीचं चाक हातात आलं आणि त्याला जणू स्वतःचे हात सापडले. परवाना गेला म्हणजे नुसती नोकरी जाणार नव्हती. आणि खोटारडा हा शिक्का तर पाण्यानं धुतला जात नाही.

त्या आत जाऊन त्याच्या उशाशी बसल्या. आता खरं सांग, झोप लागली होती का, असं त्यांनी हळूच विचारलं. भाच्यानं मान हलवली. धुकं होतं, पाच हातांपलीकडचं दिसत नव्हतं, म्हणून तर तो रस्त्याकडे कमी आणि पडद्याकडे जास्त बघत होता. पडद्यावर सगळं स्वच्छ दिसत होतं. धुकं पडद्यात नसतं ना.

"अरे, पण नदी आहे हे तरी कळायला नको?"

"नदी माहीतच होती की, आत्या. बोटही माहीत होती. सात वर्षांचा होतो तेव्हा तू मला घंटा वाजवू दिली होतीस. मला वाटलं, आत्याची बोट अजून चालते." तो थांबला. "तू कधी म्हणालीच नाहीस, बंद झाली म्हणून."

बाईंनी त्याची चादर सारखी केली. खरंच म्हणाल्या नव्हत्या. भावाला फोनवर एवढंच सांगितलं होतं की मी निवृत्त झाले. बोट बंद झाली हे तीन शब्द अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून एकदाही निघाले नव्हते. काही गोष्टी बोललं की खऱ्या होतात.

मग भाच्यानं बाकीचं सांगितलं. पडद्यावर लिहिलं होतं, पहिली फेरी सहा दहा. घड्याळात सहा आठ झाले होते. दोन मिनिटं उरलेली, आणि पुलावरून गेलं तर पाऊण तास जास्त. समोर शेवाळ धरलेली उतरण आली तेव्हा त्याला वाटलं, संपली की बोटीची फळीच लागेल. चाकं घसरली. त्यानंतर फक्त गारठा आठवतो, आणि काखेत शिरलेले दोन हात.

"कोणाचे?"

"म्हाताऱ्या माणसाचे असावेत. पण पकड काय होती, आत्या."

बाईंनी पर्समधून औषधाच्या चिठ्ठीचा कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. पडद्यावरची बोटीची रेघ कशी होती ते काढून दाखव म्हणाल्या. भाच्यानं दोन काठ काढले, धक्का काढला, धक्क्यापासून रेघ ओढली. ती थोडी सरळ गेली, मग कोपरात हात मोडावा तशी डावीकडे वळली, पोट काढून फिरली आणि मग पैलतीराला लागली.

बाईंनी कागद पाहिला. मग त्याची घडी केली, आणखी एक घडी केली आणि तो पर्समध्ये ठेवला.

३

ती वळणदार रेघ बाई डोळे मिटूनही ओळखू शकल्या असत्या. धक्क्यापासून जरा पुढे पाण्याखाली एक खडक होता. त्याला सगळे सासू म्हणत. दिसत नसे आणि टाळल्याशिवाय गत्यंतर नसे. कुठल्या नकाशात सासू नव्हती. बोट दर फेरीला तिला डावीकडून वळसा घालायची.

म्हणजे पोरगा खरं बोलत होता. स्वप्नात कोणाला सासूचा वळसा दिसत नाही. कोणीतरी बोट नकाशात काढली होती आणि अपघात झाल्यावर पुसली होती. कोणी, ते सापडलं की भाचा सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई धक्क्यावर गेल्या. खिडकीला फळ्या ठोकलेल्या होत्या. वेळापत्रकाचा पत्रा मात्र अजून लटकत होता. पहिली फेरी, सकाळी सहा. बाईंना हसू आलं. सहाची बोट सहाला कधी सुटली नाही. बाईंना घरून निघायला रोज उशीर व्हायचा. अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं आवरून त्या धावतपळत यायच्या आणि वाटायचं, आज बोलणी बसणार. पण दरवेळी तांडेल इंजिनात डोकं घालून बसलेला असायचा. तांडेल म्हणजे बोट चालवणारा. मान वर न करता म्हणायचा, गरम होतंय अजून, दहा मिनिटं लागतील. सत्तावीस वर्षं त्या इंजिनानं बाईंची लाज राखली.

ते पत्र्यावर नव्हतं. सहा दहा हे फक्त जाणाऱ्या-येणाऱ्यांना माहीत होतं.

धक्क्याच्या तोंडाशी चहावाल्याची टपरी होती. बाईंना बघून त्यानं फळकूट पुसलं आणि कप विसळला. बोट गेल्यापासून इथे मी आणि माशा, दोघंच असतो, म्हणाला. बाईंनी इकडचं तिकडचं बोलून विचारलं की इतक्यात कोणी बोटीची चौकशी करत आलं होतं का. चहावाल्यानं किटली खाली ठेवली.

"आले होते," तो म्हणाला. "तीन आठवड्यांत सात-आठ गाड्या. विचारायचे, बोट कधी आहे?"

"मग? तू सांगायचास ना, बंद आहे म्हणून?"

"सांगायचो की. पण आधी चहा पाजायचो, मग सांगायचो."

बाईंनी कप फळकुटावर आदळला, थोडा चहा सांडला. काल आपण सातला टपरी उघडली, पोरगा सहाला आला, नाहीतर सांगितलं असतं, असं तो दोनदा म्हणाला. फळकुटावर सांडलेल्या चहात बोट बुडवून बाई म्हणाल्या, बोट कशी जायची रे, काढून दाखव. विसरायला झालंय मला. चहावाल्यानं बोटानं एक रेघ ओढली. या काठापासून त्या काठापर्यंत, पट्टीनं आखावी तशी सरळ.

बाईंनी चहा संपवला. हा नव्हे.

मग त्या क्रेनवाल्याकडे गेल्या. काल गाडी ओढून काढायला तो वीस मिनिटांत हजर झाला होता, आणि लोक कुजबुजत होते की याला आधीच माहीत होतं. त्याच्या अंगणात गंजक्या लोखंडाचा ढीग पडला होता आणि त्या ढिगावर, अजगरासारखी वेटोळं घालून, धक्क्याची साखळी होती. बोट नसताना उतरणीवर कोणी जाऊ नये म्हणून आडवी लावायची तीच. तिची तिसरी कडी तुटून तारेनं जोडलेली होती. ती तार बाईंनीच बांधली होती.

क्रेनवाल्याचा चेहरा उतरला. दोन वर्षांपूर्वी नेली, म्हणाला. गंजतच पडली होती, बाई. तिकडे आता कोण मरायला जातंय, असं वाटलं.

"गेलं ना."

तो खाली बसला. लवकर कसा आलास, असं विचारल्यावर म्हणाला, घर इथेच, गाडीचा आवाज ऐकला, पण धुक्यात काही दिसेना म्हणून उजाडायची वाट बघत बसलो. त्याची त्याला शरम वाटत होती. बाईंनी त्याच्याकडूनही मातीत काडीनं रेघ काढून घेतली. तीही सरळ.

जमिनीवरच्या माणसाला नदी सरळच दिसते. काठावरून बोट लहान होत जाताना दिसते, तिचं वळण दिसत नाही. वळण दिसायला सुकाणूजवळ उभं राहावं लागतं.

आणि सुकाणूजवळ उभं राहायला मिळालेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती.

४

तरीही बाई तिकडे गेल्या नाहीत. धक्क्यामागच्या तांडेलाच्या घराकडे न बघता पोलीस ठाण्यात गेल्या आणि फौजदारांना म्हणाल्या, पोराला बांधलेला दोर मला बघायचाय.

माणसाला उत्तर माहीत असतं तेव्हा तो आणखी एक प्रश्न शोधतो. दारापर्यंत जायला लागू नये म्हणून.

फौजदारांनी कपाटातून दोर काढला. सोडवताना गाठ कोणालाच सुटेना म्हणून दोर कापला होता, म्हणजे गाठ जशीच्या तशी होती. बाईंनी ती हातात घेतली. उलटी गाठ, डावखुऱ्या हाताची. उरलेलं टोक दोनदा आत मुडपलेलं, लहान मुलाच्या सदऱ्याची बाही दुमडावी तसं. बाईंनी खुंटाबद्दल विचारलं. त्यालाही दोन वेढे होते, फौजदार म्हणाले, आणि एकट्या माणसानं एवढा गडी ओढला कसा याचंच त्यांना कोडं पडलं होतं. बाईंनी समजावलं, की दोराला खुंटाचे दोन वेढे दिले की ओढलेलं मागे जात नाही. इंचाइंचानं, दम खात, एकटा माणूस होडीसुद्धा वर घेतो.

"कोणाची गाठ आहे, ओळखलंत?" फौजदारांनी विचारलं.

"उद्या सांगते," बाई म्हणाल्या. "संध्याकाळच्या आत."

घरी येऊन त्या फळीखाली बसल्या. घंटेकडे बघितलं. तिकिटं फाडता फाडता त्या पूर्वी मनाशी ओव्या जुळवायच्या, कोणाला ऐकवायच्या नाहीत. त्यातली एक आज आपसूक ओठावर आली.

नदी आडवी येते बाई, वाट थांबते काठाला
ज्याची त्याची हाक बाई, ज्याच्या त्याच्या ओठाला.

तांडेलाचा संसार होता, बायको होती, लेक होती. बाईंना आई होती. कोणी काही बोललं नाही, बोलण्यासारखं काही घडलंही नाही. रोज तीन टोले दिले की तो सुकाणूवरून हात वर करायचा, एवढंच. तो हात बाईंच्या वाट्याचा होता. पुढे त्याची बायको गेली. मग बोट गेली. मग कानावर आलं की तांडेलाला आता काही आठवत नाही, माणसं ओळखत नाही. तेव्हापासून बाईंनी त्या घराची वाट टाकली. तो आपल्याला विसरला असेल, हे आपण धरून चालू शकतो. विसरलेला त्याचा चेहरा समोर बघणं वेगळं.

पण भाच्याचे हात चादरीवर रिकामे पडलेले होते. सकाळी बाई उठल्या, पदर खोचला आणि निघाल्या.

५

घराबाहेरच्या दोरीवर तांडेलाचा जुना खाकी कोट वाळत होता. दोन दिवस झाले तरी धुक्यानं ओलाच. त्याच्या खिशातून हिरव्या शेवाळाचा एक धागा लोंबत होता.

लेक शिवणाच्या मशीनवर होती. दारात बाईंना बघून तिचं पाऊल मशीनवरच थांबलं. मावशी, किती वर्षांनी, म्हणाली, आणि खुर्चीवरचे कपडे उचलून जागा केली. बाबा आत झोपलेत असंही सांगितलं. बाईंनी आतल्या दाराकडे पाहिलं नाही. त्यांनी पर्समधून घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर तिच्या बेतलेल्या कापडाशेजारी पसरला.

लेकीनं रेघ बघितली. मग तिचा हात आपोआप शिवणाच्या खडूकडे गेला, आणि कागदावरच्या वळणाला तिनं बाहेरून आणखी एक गोलाई दिली.

"इथे अजून डावीकडे, मावशी," ती अगदी हळू म्हणाली. "सासू इथवर आहे."

आणि मग खडू तिच्या हातातून गळून पडला.

रडता रडता तिनं जे सांगितलं ते असं. बाबा रोज पहाटे पाचला उठायचे, कोट घालायचे, डबा मागायचे. बोट बंद झालीय म्हटलं की लहान मुलासारखे रडायचे. आणि दुसऱ्या दिवशी विसरायचे, की तीच बातमी पुन्हा पहिल्यांदा. रोज नव्यानं. रोज तेवढंच दुःख. एक दिवस तिला मोबाईलमधल्या नकाशात दिसलं, काही चुकलं असेल तर सुधारणा सुचवा. तिला वाटलं हा आपल्या मोबाईलपुरता नकाशा. लहानपणी ती बाबांच्या मांडीवर बसून सुकाणू धरायची, वळसा तिच्या हातात होता. तिनं बोट काढली. वेळ बाबांनाच विचारली, त्यांनी सहा दहा सांगितली. दोन महिन्यांनी रेघ पडद्यावर उमटली. मग रोज पहाटे ती दाखवायची, हे बघा बाबा, बोट चालू आहे, पण आज तुमची सुट्टी. बाबा रेघेवरून बोट फिरवायचे आणि शांत झोपायचे.

"सगळ्यांच्या मोबाईलमध्ये तीच रेघ जाते, हे मला कसं कळणार होतं? मला वाटलं, मी घरातल्या घरात एक खोटं बोलतेय."

परवा पहाटे तिला डोळा लागला. उठली तर बाबा चिंब भिजून अंथरुणात, कुडकुडत. कुठे गेला होता विचारलं तर त्यांना आठवेना. मग धक्क्यावरचा गलका ऐकू आला आणि तिला सगळं कळलं. तिनं घाबरून आपली सूचना मागे घेतली, आणि उमटायला दोन महिने लागलेली रेघ तासाभरात पुसली गेली.

बाई बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. ज्या माणसाला सगळं विसरायला झालं होतं त्याच्या हातांना दोर आठवला, गाठ आठवली, वेढे आठवले. ज्या यंत्राला म्हणे सगळं जग पाठ, त्याला सासू ठाऊक नव्हती की धुकं ठाऊक नव्हतं. एका लेकीच्या मायेची रेघ आणि पाण्यावरची खरी बोट यातला फरकही त्याला कळला नव्हता. आणि भाच्यानं खिडकीची काच खाली करून एकदा बाहेर डोकं काढलं असतं, तर नदीचा वास तरी आला असता.

"पोराचा परवाना जाईल, बाळा," त्या म्हणाल्या. "तुझ्या बाबांनी त्याला वर काढला. अर्धा. उरलेला तुला काढायचाय."

लेकीनं डोळे पुसले. मोबाईल काढून एक निरोप उघडला, आपण सुचवलेली सुधारणा स्वीकारली आहे, धन्यवाद. खाली तारीख होती, चोवीस दिवसांपूर्वीची.

"चला मावशी," ती म्हणाली. "बाबा झोपलेत तोवर जाऊन येऊ."

६

फौजदारांनी निरोप दोनदा वाचला, कागद पाहिला, गाठ पाहिली. चहावाला स्वतःहून येऊन सात-आठ गाड्यांचा जबाब देऊन गेला. अहवाल नव्यानं लिहिला गेला: चालक जागा होता, नकाशानं दाखवलेल्या रस्त्यानं गेला. परवाना राहिला. पण फौजदारांनी पेन ठेवून भाच्याला चार शब्द सुनावले, की मोबाईलला चाकाचा भाऊ कर, बाप करू नकोस. लेकीबद्दलही लिहावं लागेल, म्हणाले. न तपासता रेघ स्वीकारणाऱ्या कंपनीला पत्र जाईल, पुढे काय होईल ते सांगता येत नाही.

"लिहा," लेक म्हणाली.

क्रेनवाल्यानं त्याच दुपारी साखळी आणून धक्क्यावर आडवी लावली. तारेनं जोडलेल्या कडीसकट.

परत येताना वाटेतच लेकीचा जीव वरखाली होऊ लागला. आता रेघ नाही. उद्या पहाटे बाबांना काय दाखवू? बाई उत्तर न देता स्वतःच्या घरी वळल्या आणि थोड्या वेळानं पिशवीत काहीतरी जड घेऊन आल्या.

तांडेल घरात नव्हता. पण तो फार लांब गेला नव्हता. तिन्हीसांजेच्या उजेडात साखळीच्या अलीकडे खुंटावर बसला होता, अंगात ओलसर खाकी कोट, नजर पाण्यावर. केस पार पांढरे. बाई लेकीला मागे थांबायला सांगून पुढे गेल्या आणि शेजारच्या खुंटावर बसल्या.

तांडेलानं वळून पाहिलं. त्याच्या डोळ्यांत ओळख नव्हती. अकरा वर्षं ज्याला घाबरल्या तो चेहरा हाच, आणि बाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"पलीकडे जायचंय?" त्यानं अदबीनं विचारलं. "बसा. जरा वेळ लागेल."

"इंजिन गरम होतंय का?" बाईंनी विचारलं.

तो गालात हसला. आजूबाजूला कोणी नाही बघून थोडा वाकला. "इंजिनाला काय धाड भरलीय? सहालाच तयार असतं. आमच्या तिकीटवाल्या बाई आहेत ना, त्यांना दहा मिनिटं उशीर होतो. घरी आई आजारी असते. कोणी त्यांना बोलू नये म्हणून मी आपला इंजिनात डोकं घालून बसतो." मग गंभीर होऊन म्हणाला, "त्यांना सांगू नका हं."

"नाही सांगत," बाई म्हणाल्या.

सहा दहा. इतक्या वर्षांत एकदाही त्यांना वाटलं नव्हतं, की एवढं खोडकर इंजिन नेमकं दहाच मिनिटं कसं घेतं.

नदीवर धुक्याचा पहिला पदर उतरत होता. तांडेलानं कोटाच्या खिशात हात घातले. "आज अंमळ जास्तच उशीर झाला त्यांना. पण हरकत नाही. बाईंनी घंटा दिल्याशिवाय मी बोट सोडत नाही. नियम आहे तसा."

"मग मीही थांबते," बाई म्हणाल्या. "उद्याही येईन. रोज येईन."

"या की. तेवढीच सोबत."

बाईंनी पिशवी मांडीवर घेतली. आत हात घालून घंटेच्या जिभेवरचं अकरा वर्षांपूर्वीचं फडकं सोडलं. पितळ गार होतं. एक टोला, दुसरा, तिसरा, आणि तो हात वर करील. मनगटाच्या एका झटक्याचंच काय ते अंतर होतं. समोर साखळी होती, साखळीपलीकडे शेवाळाची उतरण, तिच्या टोकाला पाणी.

त्यांनी ती जीभ मुठीत घट्ट धरली, आणि तशीच धरून त्याच्याबरोबर पैलतीराकडे बघत बसल्या.